ज्या पाण्याचा, त्या तालमीचा

पाटणला केरा-कोयनेच्या संगमावर नाहीतर मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेल्या एखाद्या जुन्या माणसाला मालवणचा स्कूबाचा फोटो दाखवून बघा. फोटो ठरलेलाच असतो: काळा सूट, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि दोन्ही हात पसरलेला आपला पुतण्या. म्हातारा फोटो लांब धरून बघणार आणि म्हणणार, "टाकीतली हवा घेऊन कोण पण जाईल की! दम कुठं लागतोय त्यात?" त्याच्या लेखी पाण्याखाली जाणं म्हणजे पाठीला वाळका भोपळा बांधून सुरुवात करायची, भोपळा सुटला की काठावरून मुटका मारायचा, आणि एक दिवस सूर मारून डोहाच्या तळाची मूठभर माती वर आणून दाखवायची. छातीत कोंडलेला श्वास हीच तिथली कमाई.

गंमत अशी की हीच कमाई स्कूबाच्या पहिल्या तासाला सगळ्यात मोठा धोका ठरते. पाण्याला घाबरणारा माणूस सांगितलं तेवढंच करतो. पट्टीचा पोहणारा मात्र पाण्याखाली गेला की जुन्या सवयीनं श्वास कोंडतो. आणि स्कूबाचा पहिला नियम आहे: श्वास कधीही कोंडायचा नाही.

का ते बघण्यासारखं आहे. समुद्रसपाटीला आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब त्यात तेवढीच भर घालतो, म्हणजे दाब दुप्पट. विहिरीत सूर मारणाऱ्यानं वरून छातीत ६ लिटर हवा भरून नेली, तर दहा मीटरवर ती चेपून ३ लिटर होते, आणि वर येईपर्यंत पुन्हा ६. येताना-जाताना हिशोब जुळतो, फुप्फुसाला काही होत नाही. टाकी बांधलेला माणूस मात्र दहा मीटर खाली पोचल्यावर तिथल्या दाबाची हवा घेतो. तिथे त्यानं छाती भरून ६ लिटर घेतली आणि श्वास कोंडून वर निघाला, तर त्या हवेला पृष्ठभागावर १२ लिटर जागा हवी. छाती काही तेवढी मोठी होत नाही. फुप्फुस फाटतं. त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. छाती गच्च भरलेली असेल तर पुरुषभर पाण्यातून झटकन वर येणंही पुरतं. एकाच डोहात, एकाच खोलीवर दोन माणसं शेजारी-शेजारी असू शकतात आणि एकाला जे वाचवतं तेच दुसऱ्याला मारतं.

पाणबुड्यांच्या जगात एकमेकांविषयी जे समज-गैरसमज आहेत, टोमणे आहेत, त्यांच्या मुळाशी मला सगळीकडे हेच दिसतं. दुसऱ्याची जी सवय आपल्याला हास्यास्पद वाटते, ती तो जिथे शिकला त्या पाण्याची आठवण असते. साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला हे तालमीच्या भाषेत चटकन कळेल. एका वस्तादाच्या पठ्ठ्याला दुसऱ्या तालमीतली पकड कच्चीच वाटते. पण ती पकड कुठल्या मातीत, कुठल्या अंगकाठीच्या मल्लांसाठी घडली हे कळलं की हसू ओसरतं.

आता या तालमी कोणकोणत्या? सगळ्यात मोठी अर्थात सुट्टीतल्या पाणबुड्यांची. मालवण-तारकर्लीला रोज होड्या भरभरून जातात त्या यांच्या. पाणी कोमट, खोली जेमतेम, आणि बरोबरचा स्थानिक पोरगा पाहुण्याच्या टाकीची मूठ धरून त्याला बोटाला धरल्यासारखा फिरवून आणतो. तारकर्लीतच राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. तिथे पुढचं शिक्षण घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं आणि त्या प्रमाणपत्रावर मर्यादा असते: पहिल्या पायरीला १८ मीटर, पुढच्या पायरीला ३०, आणि हौशी पाणबुड्यांसाठी शेवटची रेघ ४० मीटर. पाडी ही अमेरिकी संस्था १९६६ सालची. तिनं हे शिक्षण इतकं सुटसुटीत केलं की चार दिवसांत माणूस पाणबुड्या होतो. जुने लोक त्यावरूनच नाक मुरडतात. ब्रिटनमधला जुना क्लब १९५३ चा. तिथे गार, गढूळ पाण्यात महिनोन् महिने घासून शिकवायची रीत होती. त्यांच्या मते चार दिवसांत फक्त फोटो काढून होतो.

दुसऱ्या टोकाला काळ्या कपड्यांतले 'टेक्निकल' लोक. पाठीवर दोन टाक्या, कुशीला आणखी दोन, प्रत्येक कडी कुठे आणि प्रत्येक नळी किती फुटांची हे ठरलेलं. तिसरे ते 'रिब्रीदर'वाले: सोडलेला श्वास चुन्याच्या भुकटीतून गाळून, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून, ऑक्सिजनची भर घालून तोच पुन्हा घेणारे. त्यांचे बुडबुडे येत नाहीत, म्हणून मासे बिथरत नाहीत, म्हणून कॅमेरावाल्यांना ते यंत्र प्रिय. त्यांच्यावरचा ठरलेला विनोद म्हणजे पाण्यात एक तास आणि काठावर मांडामांड दोन तास. कॅमेरावाल्यांवरचा त्याहून जुना: जोडीदार बुडाला तरी हा आधी झिंग्याचा फोटो पुरा करेल.

या सगळ्यांत सर्वांत जोरात भांडण पेटलं ते एका नळीवरून. ते जरा जवळून बघू.

प्रत्येक स्कूबा पाणबुड्याकडे श्वासाच्या दोन नळ्या असतात. एक स्वतःच्या तोंडात, दुसरी अडीअडचणीला. जोडीदाराची हवा संपली तर त्याला कुठली द्यायची? सुट्टीतल्या तालमीचं उत्तर: बाजूला लटकलेली, ठळक पिवळ्या रंगाची. ती दिसते, हाताशी येते, आणि तुमच्या तोंडातली जागची हलत नाही. फ्लोरिडाच्या गुहांमध्ये डुबणाऱ्यांचं उत्तर उलटं: तोंडातली काढून द्यायची आणि आपण गळ्यात अडकवलेली दुसरी घ्यायची. कारण हवा संपलेला माणूस शोधत बसत नाही, जी नळी चालताना दिसते तीच हिसकतो. आणि ती चालते याची खात्री आहेच, आताच तर तुम्ही तिच्यातून श्वास घेत होता. शिवाय ही नळी २ मीटरहून लांब, सात फुटी ठेवायची आणि अंगाभोवती एक वेढा देऊन तोंडाशी आणायची. उघड्या समुद्रात एवढी लांब नळी बघून कुणालाही हसू येईल. पण गुहेतल्या अरुंद बोळातून दोघांना शेजारी-शेजारी बाहेर पडता येत नाही, एकामागे एकच जावं लागतं. पुढच्याचा श्वास मागच्याच्या टाकीतून यायचा तर नळी तेवढी लांब हवीच. म्हणजे नळीची लांबी त्या बोळानं ठरवली.

१९९० च्या दशकात तिथल्या एका गटानं ही मांडणी 'बरोबर ती हीच' म्हणून जगाला सांगायला सुरुवात केली, आणि जे तसं करत नाहीत त्यांच्यासाठी 'स्ट्रोक' हा चक्क शिवीसारखा शब्द वापरला. चुकीचं ते चूकच, असा त्यांचा ठेका. त्या गटानं कित्येक किलोमीटर लांबीच्या जलमय गुहा मोजल्या हे खरं, आणि त्यांची शिस्त पुढे अनेकांनी उचलली हेही खरं. पण तारकर्लीच्या आठ मीटर पाण्यात सात फुटी नळी नसल्याबद्दल कुणाला तुच्छ लेखायचं म्हणजे अतीच झालं.

आणि गुहा म्हटलं तरी गुहा-गुहांत फरक. ब्रिटनमधल्या गुहा फ्लोरिडासारख्या प्रशस्त नाहीत. त्या गार, चिंचोळ्या आणि चिखलानं भरलेल्या. तिथे गुहेत चालत, सरपटत गेलेला माणूस मध्येच पाणी लागलं की तेवढा टप्पा डुबून पार करतो आणि पलीकडे पुन्हा चालायला लागतो. त्यांची संस्था १९४६ ची, म्हणजे पाडीपेक्षा वीस वर्षांनी जुनी. त्यांनी पाठीवरची टाकी काढून दोन टाक्या दोन्ही कुशींना बांधल्या, म्हणजे फटीतून आडवं सरकता येतं, आणि फारच अडलं तर टाकी सोडवून हातानं पुढे ढकलता येते. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी ऐकून कुठलाही स्कूबा प्रशिक्षक कानावर हात ठेवेल: ते एकटेच डुबायला लागले. जगभरच्या स्कूबा शिक्षणाचा पाया 'जोडीदार सोडायचा नाही' हा. इथे मात्र ज्या फटीत एकच माणूस मावतो आणि हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही, तिथे मागचा जोडीदार मदत करू शकत नाही. तो घाबरला तर बाहेर पडायची वाटच बंद करतो. म्हणून दोन टाक्या, हवा देणारे दोन स्वतंत्र रेग्युलेटर, एक दोरी आणि आपण. हवेचे तीन वाटे करायचे: एक जायला, एक यायला, एक तसाच राखून.

आता आपल्याकडे येऊ. पाटण तालुक्यात पाणबुड्यांची जी जात सगळ्यात महत्त्वाची ठरावी, ती यांपैकी कुठलीच नाही. कोयना धरण १०३ मीटर उंच, त्यामागे शिवसागर जलाशय पन्नासेक किलोमीटर पसरलेला, १०५ टीएमसीचा. त्यातलं पाणी नवजाजवळ बोगद्यात शिरतं आणि सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे वीज करायला उतरतं. अशा ठिकाणी, म्हणजे जगातल्या कुठल्याही धरणाच्या दारांशी, जाळ्यांशी, बोगद्याच्या तोंडाशी काम करणारे लोक म्हणजे व्यावसायिक पाणबुडे. त्यांच्या पाठीवर हवेची मुख्य टाकी नसते. डोक्यावर जडशीळ हेल्मेट, आणि वरून आलेली एक जाड दोरखंडासारखी नळ्यांची वेणी: एकीतून हवा, एका तारेतून बोलणं, एकीतून खोलीचं मोजमाप. हवा वरून येते, त्यामुळे ती टाकीसारखी तासाभरात संपत नाही. या लोकांना स्कूबा म्हणजे पोरखेळ वाटतो. समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर काम करणाऱ्या ठेकेदारांची आंतरराष्ट्रीय संघटना स्कूबाला कामाचं साधन म्हणून मान्यताच देत नाही. १९७४ साली मुंबई हायला तेल लागल्यापासून आपल्या किनाऱ्यासमोरही ही तालीम रुजली. खोल कामाला त्यांच्यातले काही जण जहाजावरच्या दाबबंद कोठडीत आठवडेच्या आठवडे राहतात, हेलियम मिसळलेला वायू श्वासात घेतात आणि बदकासारख्या आवाजात एकमेकांशी बोलतात.

हौशी पाणबुडे या लोकांना कागदी घोडेवाले म्हणतात. पाण्यात उतरण्याआधी परवाने, कुलपं, सह्या, कुठला दरवाजा बंद आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या खिशात आहे याची नोंद. पण हिशोब करून बघा. समजा २० मीटर खोल पाण्यात भिंतीला एक भोक आहे, हातभर लांब, हातभर रुंद नव्हे, फक्त ३० सेंटीमीटर बाय ३० सेंटीमीटरचं, आणि पलीकडे पाणी नाही, नुसती हवा. अलीकडून दर चौरस सेंटीमीटरला २ किलो दाब जास्त. भोकाचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे त्या भोकावर पाठ टेकली तर १,८०० किलोंचं वजन माणसाला तिथे दाबून धरतं. एका गाडीएवढं. त्याला ओढून काढता येत नाही, दोर तुटेल. आणि जवळ जाईपर्यंत काही जाणवतही नाही. पाणी वरून शांत असतं. किल्ली कुणाच्या खिशात हा प्रश्न मग कागदी उरत नाही.

याच शिवसागरात खालच्या पातळीवर नवं तोंड पाडायची वेळ आली, तेव्हा अभियंत्यांनी वेगळाच मार्ग काढला. धरण रिकामं न करता खालून बोगदा खणत नेला, तलावाच्या तळाशी खडकाचं एक बूच शिल्लक ठेवलं आणि शेवटी ते स्फोटानं उडवलं. १३ मार्च १९९९ ला पहिल्यांदा, २५ एप्रिल २०१२ ला दुसऱ्यांदा. लेक टॅपिंग म्हणून ते पेपरांत गाजलं. पाणबुड्यांच्या नजरेनं बघितलं तर त्याचा थाटच वेगळा: पाण्याशी झोंबायला पाण्याच्या पोटाखालून यायचं.

आणखी एक तालीम राहिली, पुराची. महाबळेश्वरच्या ज्या देवळात कोयनेचा उगम मानतात, त्याच देवळात सावित्रीचाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस, शिवाय आणखी वाहनं पाण्यात पडली. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, एनडीआरएफ, गावोगावचे पोहणारे, सगळे उतरले. क्रेनला ३०० किलोंचं लोहचुंबक टांगून नदीच्या तळाशी फिरवलं गेलं. बस हाती लागायला आठवडा उलटून गेला. एवढी मोठी बस इतके दिवस कशी सापडत नाही, असं तेव्हा घरात बसून पुष्कळांनी विचारलं. पुराच्या पाण्यात पाणबुड्याला दिसत काहीही नाही, हे त्याचं अर्धं उत्तर. तो हातानं शोधतो. चिखलात बोटं फिरवत एक-एक फूट जमीन चाचपतो, आणि अंगाला दोर बांधलेला असतो. दोराचं दुसरं टोक काठावरच्या किंवा होडीतल्या माणसाच्या मुठीत. दोघांचं बोलणं झटक्यांतून होतं. अमेरिकी नौदलाच्या संकेतांत वरून आलेला एक झटका म्हणजे 'ठीक आहेस ना?' आणि खालून आलेले चार म्हणजे 'मला वर घ्या'. निळ्या पाण्यात मोकळं तरंगणाऱ्याला हा दावणीला बांधलेला पाणबुड्या बघून कीव येते. पण या पाण्यात दोर हाच त्याचा डोळा आणि तोच त्याचा रस्ता.

तर एवढ्या तालमी, एवढे टोमणे. या सगळ्यांना एकाच पाण्यात उतरावं लागलं तर काय होईल? २०१८ साली ते झालं, आणि त्याचा एक धागा सांगली जिल्ह्यात निघतो.

२३ जून २०१८ ला थायलंडमधल्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले. पाऊस कोसळला आणि परतीची वाट पाण्यानं भरली. थायलंडच्या नौदलाचे कमांडो आले: तरणेबांड, शिस्तीचे, पण उघड्या समुद्रासाठी घडलेले. पाठीवरची टाकी फटीत अडकायची. वाहतं पाणी चहासारखं गढूळ. मग ब्रिटनमधून बोलावलेले दोघे आले, रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन. एक कॉव्हेंट्रीचा निवृत्त अग्निशमन जवान, दुसरा संगणकक्षेत्रातला सल्लागार. दोघंही मध्यमवयीन, अंगावर झिजलेलं, घरी शिवून-जोडून केलेलं सामान. ही माणसं काय करणार, असं तिथल्या अनेकांना वाटलं, आणि त्या दोघांनाही नौदलाचं सामान गुहेत कसं चालणार असं वाटत होतं. हे पुढे पुस्तकांत आणि माहितीपटात उघडपणे आलंय.

मुलं सापडण्याच्याही आधी एक प्रसंग घडला. पाणी उपसायला आलेले चार कामगार गुहेत मागे राहिले होते आणि वाट पाण्यानं बंद झाली होती. स्टँटन-व्होलँथननी त्यांना थोड्याशा जलमय टप्प्यातून एकेक करून बाहेर काढलं. टप्पा छोटा, माणसं धडधाकट, तरी पाण्याखाली त्यांनी अशी धडपड केली की वाचवणाऱ्यालाच धोका. तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की शुद्धीवर असलेलं मूल इतक्या लांब पाण्याखालून नेताच येणार नाही.

२ जुलैला दोरी टाकत टाकत ते मुलांपर्यंत पोचले. मग आले ऑस्ट्रेलियातले रिचर्ड हॅरिस, भूलतज्ज्ञ आणि गुहेत डुबणारे, आणि त्यांचे जोडीदार क्रेग चॅलन, पशुवैद्य. ठरलं ते असं: मुलांना भूल द्यायची, पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लावायचा आणि एकेका पाणबुड्यानं एकेक मूल सामानासारखं हातात धरून न्यायचं. जवळच्या एका शाळेच्या तलावात तिथल्या मुलांना घेऊन रंगीत तालीम झाली. आता आठवा, 'एकट्यानं डुबायचं नाही' हा नियम मोडल्याबद्दल ज्यांना नावं ठेवली जात होती तीच ही ब्रिटनची माणसं. त्या बोळात दुसरा जोडीदार मावत नव्हता. पाणबुड्या आणि बेशुद्ध मूल, बस्स. अंधारात दोरी चाचपत, मुलाच्या मास्कमधून बुडबुडे येताहेत ना ते तपासत. ही गोष्ट फक्त त्यांनाच येत होती ज्यांनी तीस-तीस वर्षं शनिवार-रविवारी एकट्यानं चिखलात घालवले होते.

पण त्यांना एकट्यानं ती आलीच नसती. वाटेत ठिकठिकाणी टाक्या ठेवायच्या होत्या. ते काम कमांडोंनी केलं, आणि त्यातच ६ जुलैला समान गुनान हे माजी कमांडो परतीच्या वाटेवर गेले. मधल्या दालनांत थांबून टाक्या बदलून द्यायला, मुलाची नाडी बघायला जे होते, त्यांत थायलंडच्या पर्यटन बेटांवर सुट्टीतल्या लोकांना स्कूबा शिकवणारे युरोपीय प्रशिक्षक होते. थाई नौदलाचे तीन जवान आणि एक डॉक्टर मुलांबरोबर आतच राहिले होते, आणि ते सगळ्यात शेवटी बाहेर आले.

आणि पंप. पाणी उपसलं नसतं तर डुबायचं अंतर कितीतरी वाढलं असतं. भारतीय दूतावासानं सुचवल्यावरून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ ५ जुलैपासून तिथे हजर होते, पाणी कसं आणि कुठून उपसायचं हे सांगायला. जास्त क्षमतेचे चार पंप पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात विमानात चढवण्यासाठी तयार ठेवले होते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर जो कारखाना काढला, तोच हा. ८, ९ आणि १० जुलै अशा तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. शेवटचे जवान निघाले आणि मुख्य पंप बंद पडला. आत राहिलेली माणसं वाढत्या पाण्यापुढे अक्षरशः पळत बाहेर आली. पाणबुड्यांच्या गप्पांत पंपवाल्यांचं नाव फारसं निघत नाही. निघायला हवं.

टोमणे होडीवर असतात. हेल्मेटवाले सोडले तर पाण्याखाली बोलताच येत नाही, हा एक मोठाच फायदा. तिथे सगळ्या तालमींची खुणांची भाषा जवळपास एक आहे. अंगठा-तर्जनीचं कडं म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे 'छान' मुळीच नाही. 'चला वर, संपलं' असा त्याचा अर्थ. या खुणेला एक नियम जोडलेला आहे, आणि तो मला या सगळ्या प्रकारातला सर्वांत विलक्षण वाटतो. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणानं अंगठा वर केला की डाईव्ह संपली. नवखा असो की वस्ताद. कारण विचारायचं नाही, वर आल्यावर चिडवायचं नाही. काळ्या कपड्यांतले असोत की पिवळ्या नळीवाले, यावर त्यांचं भांडण नाही.

आपल्याकडच्या पाण्याच्या संस्कृतीला हे पचायला जड आहे. सांगलीला कृष्णेला पूर आला की १९२९ च्या आयर्विन पुलावरून उड्या मारणारी पोरं आणि कठड्याला रेललेली गर्दी हे चित्र जुनं आहे. तिथे कठड्यावर चढून मागे फिरलेल्या पोराला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. त्या पोरांचं धाडस आणि पोहणं अस्सल आहे यात शंका नाही, पुरात माणसं काढायला हीच पुढे होतात. पण मागे फिरायचा हक्क त्यांना कुणी दिलेला नाही. महाग टाकी आणि मास्क नसले तरी अंगठ्याचा नियम त्यांना फुकटात घेता येईल.

शेवटी शिवसागराविषयी, कारण तिथे एक अशी गोष्ट आहे जी मालवणच्या पाणबुड्यालाही बहुधा कुणी सांगितलेली नसते. जावळी तालुक्यातल्या मुनावळ्याला याच जलाशयाच्या काठी २०२४ साली जलपर्यटन केंद्र सुरू झालं. पाण्यावरचे खेळ आले की पाण्याखालचे मागून येतात. (धरणाच्या आसपास आणि अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे उतरता येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.) हा जलाशय भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटरवर असते. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साधारण ९२-९३ टक्केच. किती खोलीवर किती वेळ थांबायचं हे सांगणारे पाणबुड्यांचे तक्ते बनतात समुद्रासाठी, आणि ३०० मीटरच्या वर गेलं की ते जसेच्या तसे चालत नाहीत.

कारण असं: दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळत जातो. वर येताना तो हळूहळू निघाला तर ठीक, एकदम निघाला तर बुडबुडे होतात आणि सांधे, मज्जारज्जू, काहीही धरतात. बुडबुडे होणार की नाही हे खालचा दाब वरच्या दाबाच्या किती पट आहे यावर ठरतं. मालवणला १८ मीटरवर तो २.८ पट. शिवसागरात, गोडं पाणी थोडं हलकं धरूनही, १८ मीटरवर तो जवळजवळ २.९ पट. म्हणजे तिथली १८ मीटरची डाईव्ह तक्त्यात १९ मीटरची समजायची, आणि तक्त्यात १९ चा रकाना नसला तर त्याच्या पुढचा घ्यायचा. मनगटावरचे बरेच डाईव्ह कॉम्प्युटर हवेचा दाब स्वतः मोजून हे गणित करतात. जुने तक्तेवाले त्यावरही टोमणे मारतात की बॅटरी गेली की विद्या गेली, आणि कॉम्प्युटरवाले विचारतात की गेल्या वेळी तक्ता उघडलेला कधी. दोघांनाही पाटणकरांनी एक प्रश्न टाकावा: मालवणला डुबून घरी परतताना घाट चढायचा असतो, त्याचं काय?

घाट चढणं म्हणजे छोटा विमानप्रवासच. डाईव्हनंतर विमानात बसायचं तर एका साध्या डाईव्हनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या अनेक डाईव्हनंतर १८ तास थांबावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. कुंभार्ली घाट विमानाएवढा उंच नाही, आणि पाहुण्यांच्या सात-आठ मीटरच्या वीस मिनिटांना तर काळजीचं कारणच नाही. पण दिवसाला दोन-तीन खोल डाईव्ह करून प्रमाणपत्र घेतलेल्यानं त्याच संध्याकाळी घाटाला लागू नये, रात्र कोकणात काढावी, मासे खावेत. शिवसागरात डुबणाऱ्यानंही त्याच दिवशी महाबळेश्वरचा बेत करू नये, ते आणखी सातशे मीटर वर आहे. चिपळूणला जायचं असेल तर खुशाल निघावं. कुंभार्ली उतरताना दाब वाढतच जातो.